ग्रहण सप्टेंबरात, अंगठे एप्रिलात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी (२०२५) ७ सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाआधी आपल्या पुरवणीत ‘ग्रहणकाळात गर्भवतींनी काय टाळावे’ अशी एक चौकट आली होती. मी ती कापून ठेवली आहे. विळी-सुरीला हात लावू नये, शिवणटिपण करू नये, कुलूप लावू नये, नाहीतर बाळात व्यंग येते, असे तिच्यात ठणकावून लिहिले होते. खाली कोणाचे नाव नव्हते. येत्या ३ मार्चला पुन्हा चंद्रग्रहण आहे. नागपुरात चंद्र ग्रासलेलाच उगवेल आणि अर्ध्या तासाच्या आत सुटेलही. म्हणजे चौकट पुन्हा छापायची वेळ जवळ आली, म्हणून घाईने लिहायला बसले.

नागपुरातल्या एका महाविद्यालयात मी ३४ वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, त्यातली बहुतेक वर्षे बी.एस्सी.च्या मुलांना भ्रूणशास्त्र. पत्र लांबणार आहे. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासाची खोड जात नाही, तेवढे सांभाळून घ्या.

आमच्या शेजारी नोव्हेंबरअखेर नातू झाला. बाळ ठणठणीत, रडणे खणखणीत, पण उजव्या हाताला दोन अंगठे. एका बुंध्याला दोन फांद्या फुटाव्यात तसे. दोन्हींना नख, दोन्ही हलतात. मी डिंकाचे लाडू घेऊन गेले, तर त्याच्या आजीने मला दारातच गाठले. ‘पाहा न मॅडम, म्या सांगतलं होतं तिले, ग्रहणात पावशीले हात नको लावू. आयकते कोन? सांभार चिरत बसली. आता चिरला न अंगठा!’ (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: पावशी म्हणजे विळी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर.)

आत बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जवळ बसले तशी हळूच म्हणाली, ‘काकू, ग्रहण नऊ सत्तावन्नला लागलं. मी सांभार चिरला तेव्हा साडेनऊही झाले नव्हते. बातम्या सुरू होत्या, मला पक्कं आठवतं.’ एम.कॉम. झालेली, बँकेत नोकरी करणारी मुलगी अडीच महिने त्या अर्ध्या तासाचा हिशेब मनात घोळवत होती. खरे तर बाळाचा हात पाहण्याआधीपासूनच.

मी भिंतीवरचे कॅलेंडर काढून तिच्या पुढ्यात ठेवले आणि पाने उलटी उलटत गेले. ग्रहणाच्या दिवशी तिला सातवा महिना नुकता लागला होता. पाळीच्या तारखेवरून मोजले तर गर्भधारणा मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीची, धुळवडीच्या चार-पाच दिवस आधीची. धुळवडीला आम्ही गच्चीवर रंग खेळत होतो तेव्हा हा शंभरेक पेशींचा गोळा होता आणि गर्भाशयाला चिकटलाही नव्हता. गुढीपाडव्याला, ३० मार्चला, त्याच्या हृदयाची नळी धडधडायच्या बेतात होती. रामनवमीला, ६ एप्रिलला, पोद्दारेश्वर राम मंदिरातून शोभायात्रा निघाली, सारे शहर रस्त्यावर होते, आणि हा तांदळाच्या दाण्याएवढा होता. हातांच्या जागी दोन कोंब तेव्हा नुकते दिसू लागलेले. एप्रिलच्या मध्याला त्या कोंबांची चपटी वल्ही झाली, त्यांत बोटांच्या रेघा उमटल्या. अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, बोटे सुटी व्हायला लागली होती. या तारखा दोन-चार दिवसांनी इकडेतिकडे होतील, महिन्यांनी नाही. म्हणजे सांभार चिरला त्या रात्री त्या दोन अंगठ्यांना होऊन चार महिने उलटले होते. पोटातले बाळ तेव्हा बहुधा तोच हात तोंडाशी नेत असेल.

ती उठून बसली. तारखा तिने स्वतः परत मोजल्या. बँकेतली मुलगी, माझ्या बेरजेवर कशाला विश्वास ठेवेल!

आजी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी मग जो प्रश्न विचारला तो रास्त होता: ‘मंग हे झालं कायच्यानं?’ त्याचे उत्तर मी त्या दिवशी अर्धवट दिले. थोडे सविस्तर इथे देते, कारण असे बाळ ज्यांच्या घरी आहे त्यांपैकी कितीतरी घरी आपला पेपर येतो.

आधी मला वर्गात दरवर्षी विचारला जाणारा एक प्रश्न. आमच्या प्रात्यक्षिकात कोंबडीच्या अंड्यातला तेहतीस तासांचा गर्भ दाखवायचा असे. तो दुपारी बाराच्या बॅचला हवा, तर अंडे आदल्या दिवशी पहाटे तीनला उबेला लावायला हवे. पहाटे तीनला कॉलेजात कोण येणार? म्हणून मी घरीच खोक्यात बल्ब आणि थर्मामीटर लावून उबवणी केली होती. गजर लावून उठायचे, अंडी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात टॉवेलमध्ये गुंडाळून लूनावरून कॉलेजात न्यायची. खड्डा आला की पोटात धस्स व्हायचे. हे सगळे जानेवारी-फेब्रुवारीतच जमे. एप्रिलातल्या नागपूरच्या उन्हात पोल्ट्रीतून आणलेली फलित अंडी उबेची वाट पाहतच नसत. पेटीत ठेवण्याआधीच कामाला लागलेली असत, आणि तीही वेडीवाकडी.

अंडे कोमट सलाइनमध्ये फोडायचे, बलकावरची ती पारदर्शक चकती कडेने कात्रीने कापायची, हलक्या हाताने वॉच ग्लासमध्ये घ्यायची. भिंगाखाली पाहिले की मधोमध एक रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना मण्यांच्या जोड्या. याच मण्यांपासून पुढे मणके आणि पाठीचे स्नायू होतात. कोंबडीत साधारण दर नव्वद मिनिटांनी एक नवी जोडी तयार होते, माणसात सुमारे पाच तासांनी, अगदी घड्याळ लावल्यासारखी. नशीब चांगले असेल तर त्याच वेळी हृदयाचा पहिला थरकाप दिसतो. तो दिसला की गोंगाट करणारी बॅचसुद्धा गप्प होते.

मग कोणीतरी विचारतेच. एका वर्षी उमरेडकडून येणाऱ्या एका मुलाने विचारले होते, ‘मॅडम, सगळ्या पेशी एकाच अंड्यातून आल्या, सगळ्यांत माल तोच. मग ह्या टोकाला डोकं कर आणि त्या टोकाला शेपूट, हे त्यांना सांगते कोण?’

सांगतात शेजारच्या पेशी. हे पहिल्यांदा पक्के दाखवले ते जर्मनीत, हिल्डे मॅन्गोल्ड या तरुण बाईंनी. न्यूट नावाच्या पाणसरड्यासारख्या प्राण्याच्या गर्भावर एक खाच असते, तिच्या वरच्या काठाचा (त्याला ‘ओठ’ म्हणतात) बारीकसा तुकडा काढून त्यांनी दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. एक गर्भ फिकट जातीचा, दुसरा गडद, म्हणजे कोणाच्या पेशी कुठे गेल्या ते रंगावरून कळावे. पोटाच्या जागी दुसरा गर्भ उगवला, मज्जारज्जूसकट. गंमत अशी की या जोडगर्भाच्या बऱ्याचशा पेशी ज्याच्यावर तुकडा बसवला त्या गर्भाच्याच होत्या. तुकड्याने स्वतः काही फार बांधले नव्हते, आजूबाजूच्यांना कामाला लावले होते. १९२४ साली हे छापून आले. त्याच वर्षी घरातल्या शेगडीचा भडका उडून हिल्डेबाई भाजून गेल्या. वय अवघे पंचवीस. १९३५ चे नोबेल त्यांचे मार्गदर्शक हान्स श्पेमान यांना मिळाले. शिकवताना हा भाग आला की मी दोन मिनिटे जास्त घेत असे. अभ्यासक्रमात नसले तरी.

आपल्याकडेही कोंबडीच्या गर्भावर मोलाचे काम झाले आहे. पुणे विद्यापीठात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी त्याची परंपरा रुजवली. एडिंबरोला भ्रूणशास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांच्याकडे शिकून आलेल्या या बाईंचे नाव शाळेतल्या किती मुलींना माहीत असेल?

शेजारच्या पेशी ‘सांगतात’ म्हणजे काय करतात? आजींना मी फोडणीचे उदाहरण दिले. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की ओट्याशी उभ्या असलेल्याला ठसका लागतो, बैठकीतल्याला नुसता खमंग वास येतो, गच्चीवरच्याला पत्ताच नसतो. डोळे बांधून ठेवले तरी वासाच्या जोरावरून तुम्ही सांगाल की ओटा किती लांब आहे. गर्भातल्या पेशींचे असेच आहे. ठरावीक जागेच्या पेशी एखादे प्रथिन सोडतात, ते पसरते, लांब जावे तसे विरळ होते. कोणाला किती मिळाले, किती वेळ मिळाले, यावरून पेशी आपली जागा ओळखते आणि त्या जागेला साजेशी जनुके चालू-बंद करते.

हाताच्या कोंबात हा ओटा असतो करंगळीच्या बाजूला. तिथून वास सुटतो. जवळ असते तिथे करंगळी, मग क्रमाने पुढची बोटे, आणि जिथे वास जवळजवळ पोचतच नाही तिथे अंगठा. १९६८ साली सॉन्डर्स आणि गॅसलिंग यांनी कोंबडीच्या पंखाच्या कोंबातला हा ओट्याचा तुकडा कापून दुसऱ्या एका कोंबाच्या समोरच्या बाजूलाही लावला. एका घरात दोन टोकांना दोन ओटे! पिलाच्या पंखात बोटांचा दुहेरी संच आला, आरशात पाहिल्यासारखा उलटसुलट.

हा वास म्हणजे नेमके कोणते प्रथिन, हे कळायला १९९३ उजाडले. आणि त्याची वाट फळावरच्या चिलटांतून गेली. केळी जास्त पिकली की भोवती घोंगावतात ती चिलटे. क्रिस्टियाना न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस या दोघांनी हायडेलबर्गला चिलटांच्या हजारो पिढीजात वाणांच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली घालून तपासल्या. कोणाचे शरीरखंड गळले आहेत, कोणाचे उलटे झाले आहेत, ते टिपून ठेवले. खंडांची संख्या आणि रचना ज्यांच्या हाती आहे अशी पंधरा जनुके त्यांनी १९८० साली जाहीर केली. एका वाणाच्या अळीवर केसांचे नुसते रान माजलेले, म्हणून त्या जनुकाचे नाव पडले हेजहॉग, काटेरी अंगाचा तो विलायती प्राणी. पुढे त्याचे भाऊबंद कोंबडीत, उंदरात, माणसात सापडले आणि त्यातल्या एकाला व्हिडिओ गेममधल्या निळ्या पात्रावरून नाव दिले गेले: सॉनिक हेजहॉग. प्रयोगशाळेतल्या पोरांची गंमत, पण रडणाऱ्या आईबापांना हे नाव सांगायची पाळी डॉक्टरांवर येते तेव्हा जीभ अडखळते म्हणे. करंगळीच्या बाजूच्या ओट्यावर शिजते ते हेच प्रथिन. मज्जारज्जूच्या खालच्या अंगालाही हेच, मेंदूचे डावे-उजवे भाग वेगळे करायलाही हेच. निसर्ग एकच भांडे दहा कामांना वापरतो.

चिलटांतली दुसरी भानगड हॉक्स जनुकांची. शरीराचा कोणता पट्टा डोक्याकडचा, कोणता छातीचा, कोणता पोटाचा, हे ती ठरवतात. गुणसूत्रावर ती ज्या क्रमाने मांडली आहेत साधारण त्याच क्रमाने शरीरात डोक्याकडून शेपटाकडे कामाला लागतात. माणसात अशी ३९ आहेत, चार गुणसूत्रांवर वाटलेली. चिलटाचे नि आपले हे नाते मी शिकवायला लागले तेव्हा पाठ्यपुस्तकात आले नव्हते. १९९५ ला न्यूसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस यांना, या जनुकांचा माग काढणाऱ्या एडवर्ड लुईस यांच्याबरोबर, नोबेल मिळाले त्या वर्षी मी वर्गात पेढे वाटले. मुलांना वाटले माझ्या मुलीचा निकाल लागला.

आता अंगठा. सॉनिक हेजहॉग जनुक हाताच्या कोंबात कधी आणि कुठे चालू करायचे, याचे बटण त्या जनुकाच्या शेजारी नाहीच. ते डीएनएवर सुमारे दहा लाख अक्षरे दूर, भलत्याच एका जनुकाच्या पोटात आहे. म्हणजे दिवा नागपूरच्या महाल भागात आणि बटण पार कामठी गावात! या बटणाच्या अक्षरांत एखादेच अक्षर बदलले तरी कधीकधी अंगठ्याच्या बाजूलाही नको तेव्हा थोडा वास सुटतो. मग तिथे जादा बोट येते, अंगठा दुभंगतो, किंवा अंगठ्याला तीन पेरे येतात. काही घराण्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालते. मांजरांतही असते. आमच्या शहराच्या नावातच नाग आहे म्हणून एक सांगते. सापांना पाय का नाहीत, याच्या कारणांत हे बटणही आहे. सापात त्यातली काही अक्षरे गळून गेली आहेत. २०१६ साली संशोधकांनी उंदराचे बटण काढून तिथे सापाचे बसवले, तर उंदराची पिले जवळजवळ बिनपायांची जन्मली. गळलेली सतरा अक्षरे परत भरली तेव्हा पाय आले.

शेजारच्या बाळाच्या बाबतीत हेच झाले असे मी म्हणत नाही. दुहेरी अंगठ्यांची बरीच बाळे अशी असतात की घराण्यात कोणालाच काही नसते आणि नेमके कुठे बिनसले ते सापडत नाही. आजींना मी एवढेच म्हटले की हे कोणी केलेले नाही. त्यांचे समाधान झाले नाही. ‘कोणीच नाही?’ असे दोनदा विचारले. पावशीवरचा दोष उचलून तो कोणाच्या माहेरच्या रक्तावर नेऊन ठेवायचा, हेही मला नको होते, म्हणून मी पुढे बोलले नाही. वर्षभराचा झाला की शस्त्रक्रिया होईल, एक अंगठा ठेवतील, पेन धरेल, पतंग उडवेल, हे मात्र डॉक्टरांनी त्यांना नीट समजावून सांगितले आहे.

इथवर लिहून पत्र संपवणार होते. पण आपली चौकट कापून ठेवण्याचे खरे कारण सांगितल्याशिवाय ते अर्धे राहील.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. सूर्यग्रहण होते, खाली कर्नाटक-आंध्रात खग्रास, नागपुरात खंडग्रास. रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे ओस. मला तिसरा महिना सुरू होता. एम.एस्सी. झालेली, भ्रूणशास्त्र शिकवणारी मी, महालातल्या आमच्या जुन्या वाड्यात माजघरात खिडक्या बंद करून उताणी पडून होते. अंगावर दर्भाची काडी. कूस बदलायची नाही, हातपाय आखडायचे नाहीत, खाज सुटली तर खाजवायचे नाही. सासूबाईंचे मन मोडवत नव्हते, आणि खोटे कशाला बोलू, मलाही भीती वाटत होती. चौकटीतली सगळी कलमे मी पाळली आहेत, संपादक महाशय. एकही सुटले नाही.

ऑगस्टात मुलगी झाली. कपाळाच्या वर कवटी नव्हती. नर्सने डोक्याला फडके गुंडाळून दाखवली. तासाभरापेक्षा थोडी जास्त जगली. सोनोग्राफी तेव्हा इथे आमच्यासारख्यांच्या वाट्याला आलेली नव्हती, त्यामुळे आधी काही कळले नव्हते. घरात शोध सुरू झाला. उशीला टाका घातला होतास का? नाही. सुपारी कातरलीस का? नाही. शेवटी एका आतेसासूबाईंनी निकाल दिला, ‘मग झोपेत कूस बदलली असशील.’ आणि मी, जी वर्गात फळ्यावर हीच आकृती काढायची, ती रात्रभर आठवत बसले की खरेच बदलली होती का.

मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होतात ती नळी, कशी होते ते वर्गात मी करंजीवरून शिकवायचे. गर्भाच्या पाठीवर आधी एक सपाट पट्टी असते, लाटलेल्या पुरीसारखी. खालून आणि बाजूंनी येणाऱ्या इशाऱ्यांनी तिचे काठ उचलले जातात, एकमेकांकडे वळतात आणि मधोमध मिटतात. मग मिटणे पुढे डोक्याकडे आणि मागे शेपटाकडे सरकत जाते, करंजीची मुरड घालत जावी तसे. माणसात डोक्याकडचे टोक पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला मिटते, खालचे अठ्ठाविसाव्याच्या. वरचे उघडे राहिले तर माझ्या मुलीसारखे होते, खालचे राहिले तर पाठीवर उघडी गाठ येते. माझ्या तारखा मोजल्या तर तो दिवस संक्रांतीच्या आगेमागे येतो. ग्रहणाच्या महिनाभर आधी. माजघरात मी उताणी पडले तेव्हा काही वाचवायचे उरलेच नव्हते.

पुढच्या जानेवारीत पुन्हा प्रात्यक्षिके आली. चोवीस-पंचवीस तासांच्या गर्भात डोक्याकडचे काठ अजून वर उचललेले, उघडे दिसतात. ‘हे आत्ता उघडे आहे, काही तासांत मिटेल,’ हे वाक्य मी त्या वर्षी कसे म्हटले ते आठवत नाही. म्हटले असणार, वह्या तपासल्या होत्या.

१९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या, आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांवर केलेल्या चाचणीचा निकाल आला. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत हे व्यंग पुन्हा येण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले होते. पालेभाज्यांत, डाळींत असते तेच हे ब जीवनसत्त्व, पेशींना भराभर दुणावताना लागते. माझ्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्याबद्दल मला कोणावर राग नाही. राग येतो तो आता येतो. कारण आता माहीत आहे, गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि तरी ती बहुतेकींच्या हातात पडते तेव्हा नळी मिटून गेलेली असते. शेजारच्याच मुलीचे पाहा. पाडव्यानंतर चाचणी केली, आंबेडकर जयंतीची सुट्टी झाल्यावर डॉक्टरांकडे गेली, तिथे फॉलिक ॲसिड सुरू झाले. तिची काही चूक नाही, सगळ्या असेच करतात. पण तोवर रामनवमी होऊन आठवडा उलटला होता. तिच्या बाळाची नळी सुदैवाने नीट मिटली. (अंगठ्याचा फॉलिक ॲसिडशी संबंध नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर आता त्यावरून तिला बोलतील.)

म्हणून माझ्या मुलीच्या लग्नात मी रुखवतावर अनारसे, चिरोटे यांच्या शेजारी चांदीच्या वाटीत फॉलिक ॲसिडच्या स्ट्रिप्स मांडल्या होत्या. विहीणबाईंनी आधी मला बाजूला घेऊन विचारले की मुलीला काही आजार आहे का. नंतर त्यांनीच पाचजणींना सांगितले.

चौकट छापायचीच असेल तर हे छापा. मूल हवे असे ठरले की पाळी चुकायची वाट न पाहता, निदान महिनाभर आधीपासून आणि पहिले तीन महिने रोज फॉलिक ॲसिड. साधारण ४०० मायक्रोग्रॅम. आधी असे बाळ झाले असेल तर मात्रा बरीच जास्त लागते, ती डॉक्टर ठरवतील. दुसरे, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर गर्भ राहू देऊ नका. तो पदार्थ गर्भाला डोके-शेपूट सांगणाऱ्या एका इशाऱ्याचा सख्खा भाऊ आहे, आणि इशाऱ्यांच्या गर्दीत तो बाहेरून शिरला की चेहरा, हृदय, मेंदू सगळीकडे घोळ होतो. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून या गोळ्या आणणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. फिट्सवरच्या काही औषधांचेही तसेच आहे, पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत, आधीच डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यावीत. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली जर्मनीत बाजारात आले, १९६१ मध्ये मागे घेतले गेले. तेवढ्यात दहा हजारांवर मुले व्यंग घेऊन जन्मली, त्यांतली कितीतरी आखूड हातापायांची किंवा त्यांच्याविना. आयांनी गोळी घेतली होती ती साधी मळमळ थांबायला, झोप यायला. घातक ठरले ते गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यांतले दिवस.

पाचव्या महिन्यात सुरू होणाऱ्या गर्भसंस्काराच्या वर्गांच्या जाहिराती आपल्याच पेपरात येतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. गाणे ऐकून आईला बरे वाटत असेल तर जरूर ऐकावे, मेंदूची वाढ शेवटपर्यंत चालते आणि खाण्यापिण्याकडे शेवटपर्यंत लक्ष हवेच. फक्त शरीराचा आराखडा आखणारे सगळे निरोप तोवर देऊन-घेऊन झालेले असतात.

शेजारच्या घरी आता थोडे बरे आहे. परवा आजींनी त्याला पायांवर घेऊन तेल लावताना माझ्यासमोरच जोडअंगठ्याच्या बेचक्यातले तेल कापसाने टिपले आणि म्हणाल्या, ‘इथं मळ साचते न, म्हणून पुसा लागते.’ सांभाराचे नाव काढले नाही. सूनबाई मार्चच्या ग्रहणाचे विचारत होती, दूध पाजले तर चालेल का. मी म्हटले, भूक लागली तर तो काही चंद्राकडे पाहणार नाही.

पत्र छापण्याआधी त्या घरची परवानगी घेतली आहे. तरी माझे नाव आणि वस्ती छापू नये, म्हणजे त्यांना कोणी ओळखणार नाही. जागा कमी पडली तर चिलटांचा भाग कापा, माझा माजघराचाही कापला तरी चालेल. रामनवमी आणि अक्षय्य तृतीयेच्या तारखा तेवढ्या ठेवा.

आपली,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका, नागपूर